महाराणीचा पाय

दिवसाला डझनभर लोकांचे गुडघे वाकवणाऱ्या बाईच्या सख्ख्या बापाचा गुडघा वाकत नव्हता, आणि तोही एका समुद्रफुलापायी. ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची सोय नव्हती. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात बेबीचा दरारा होता. खांदा आखडलेले, कंबर धरलेले, 'मला काही जमायचं नाही' असं म्हणत आलेले भलेभले तिच्या हाताखालून सुटे होऊन घरी गेले होते. आणि घरी तिचे बाबा समोरच्या खुर्चीवर पाय सरळसोट पसरून काचेच्या टाकीपुढे मख्ख बसलेले असायचे. व्यायामाचं नाव काढलं की टाकीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "आधी तिचा पाय बरा होऊ दे. मग माझ्या पायाचं बघू."

ती म्हणजे महाराणी. दिसायला फूल, पण जातीने प्राणी. वर फिकट हिरव्या, टोकाला फुगीर अशा बोटांचा झुपका, मधोमध तोंड, आणि खाली एकच मांसल पाय. त्या पायाने दगड धरून बसायचं, एवढंच तिचं आयुष्य. मनात आलं तर ती सरकत सरकत दुसरीकडे जायची, नाही आलं तर वर्षभर हलायची नाही. म्हणून महाराणी. पट्ट्यापट्ट्यांच्या दोन क्लाऊनफिश माशांचा संसार तिच्या बोटांत थाटलेला होता.

बाबा मूळचे बॉयलरवाले. एका कारखान्यात उभं आयुष्य त्यांनी काट्यांकडे बघत काढलं. काटा हिरव्यात आहे तोवर हात खिशात, ही त्यांची कामाची पद्धत. नव्या पोरांना पहिल्या दिवशी ते हेच शिकवत. बॉयलर फुटतो तो निम्म्या वेळा कुणाच्या तरी शिवशिवणाऱ्या हातांनी, असं त्यांचं म्हणणं. आई गेल्यावर एकट्या घरात त्यांनी ही खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तीही त्याच पद्धतीने. पाण्यातलं मीठ मोजायचं, उष्णता बघायची, बाकी वेळ हात खिशात. टाकी अशी काही फुलली होती की शेजारचे लोक पाहुण्यांना घेऊन बघायला यायचे.

बेबीचं सगळंच याच्या उलट. तिला घट्ट बसलेलं झाकण, अडकलेलं ड्रॉवर, आखडलेला माणूस दिसला की राहवायचं नाही. तिचा नवरा लिफ्टच्या दुरुस्तीत होता आणि स्वभावाने थंड. तो म्हणायचा, आपल्या घरात दोन माणसांना अडकलेल्या वस्तू सोडवायचा पगार मिळतो, पण एकच फुकटही करते.

तर झालं असं की पाण्याची बादली घेऊन उतरताना बाबांची पायरी चुकली आणि गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन झालं, वाटी तारेने बांधली, प्लॅस्टर चढलं. बेबीने जाहीर केलं की आता एकटं राहणं बस झालं, बाबा आमच्याकडे येणार. बाबा नको म्हणाले, विचार करतो म्हणाले, मग गप्प झाले. गप्प झाले म्हणजे तयार झाले, असा बेबीने सोयीचा अर्थ लावला. बाबांची अट एकच होती. टाकी बरोबर येणार, आणि महाराणी दगडासकट येणार. तिला दगडापासून सोडवायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी.

सामान हलवायच्या दिवशी बाबा खाली गाडीत पाय लांब करून बसले होते. वर बेबी एकटी, आणि दारात सामानवाले घड्याळ बघत उभे. दगड काही केल्या निघेना. तो बाकीच्या दगडांखाली पाचरीसारखा बसला होता आणि त्याला काढायचं तर सगळी रचना उतरवावी लागली असती. सामानवाल्यांनी दोनदा विचारलं, अजून किती वेळ. खाली जाऊन बाबांना विचारावं, तर तीन मजले. बेबीच्या मनात आलं, रोज मी चिकटलेले खांदे सोडवते, हा तर बोटभर पाय आहे. तिने नखाची कड पायाखाली सरकवली. पाय हळूहळू सुटू लागला, निम्मा सुटला, आणि मग तिच्या बोटांना ते कळलं. ताणलं जाणं वेगळं आणि फाटणं वेगळं, हे तिच्या बोटांपेक्षा जास्त कुणाला कळणार. पण कळेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नव्या घरी टाकी लागली, पाणी निवळलं, आणि बाबांनी बघितलं. महाराणी वाळूवर आडवी पडलेली, बोटं आत ओढलेली, पायाला चीर. बाबा रागावले असते तर परवडलं असतं. खुर्ची ओढून टाकीपुढे बसले ते बसलेच.

प्लॅस्टर निघालं तसा दुसरा घोर सुरू झाला. डॉक्टरांनी बेबीला बाजूला घेऊन सांगितलं की महिनाअखेरच्या तपासणीपर्यंत गुडघा काटकोनात वाकला पाहिजे. नाही वाकला, तर भूल देऊन जोराने वाकवावा लागेल. आणि बाबांचं कमजोर हृदय बघता भूल कितपत मानवेल, याची खात्री ते देऊ शकत नव्हते. बेबीला हे वेगळं समजावायची गरज नव्हती, आणि तिने ते बाबांनाही सांगून टाकलं. कोन मोजायच्या पट्टीवर बाबांचा गुडघा काटकोनाच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. तिने घरी एक बुटकं स्टूल आणलं. त्यावर रोज थोडा वेळ बसलं तरी गुडघा आपोआप वाकायला लागला असता. बाबांनी ते स्टूल नीट निरखलं, छान आहे म्हणाले, आणि त्यावर टाकीच्या मिठाची बादली ठेवून दिली.

बेबीने आपला मोर्चा महाराणीकडे वळवला. तिचा पाय बरा झाला की यांचं तोंड बंद, असा साधा हिशोब. माशांच्या दुकानदाराला तिने फोनवर गाठलं. त्याने दिवा मंद करायला सांगितलं, पंपाचा जोर कमी करायला सांगितलं, पंपाच्या तोंडाला जाळी लावायला सांगितलं. दोन्ही क्लाऊनफिश मध्ये काच घालून बाजूला काढा, नाहीतर जखमेवर लोळतील, म्हणाला. महाराणीला भाजी धुवायच्या जाळीदार टोपलीत ठेवा, तळाशी चार खडे टाका, धरायला काहीतरी हवं. पाणी थोडं थोडं बदला. आणि मग? बेबीने विचारलं. मग काही नाही, तो म्हणाला. बघत राहा. बेबीला वाटलं याला तरी काय येतंय.

पहिले दोन दिवस तिने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी महाराणी टोपलीत तोंड खाली करून पडलेली दिसली, म्हणून तिने तिला उलटून सरळ केलं. दुपारपर्यंत ती पुन्हा उपडी. बेबीने पुन्हा सरळ केलं. संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर पर्स खांद्यावर असतानाच तिने कोळंबीचा बारीक तुकडा तिच्या तोंडाशी नेला, कारण आजारी माणसाच्या पोटात काही गेल्याशिवाय अंगात ताकद कुठून येणार. महाराणीने तो आत घेतला. बेबीला इतका आनंद झाला की तिने नवऱ्याला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं. दुसऱ्या दिवशी तो तुकडा जसाच्या तसा बाहेर पडला होता, पाणी गढुळलं होतं, आणि महाराणी सुपारीएवढी होऊन बसली होती.

त्या दिवशी बाबांनी एका पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरात 'हात लावू नये' असं लिहिलं आणि तो टाकीच्या बाजूच्या काचेवर चिकटवला. बेबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बैठकीच्या खोलीत, तिच्यासाठी पाटी. नवरा म्हणाला, असू दे गं, निदान तिकीट तरी लावलेलं नाही. यावर बाबा गालात हसले आणि बेबी दोघांशीही त्या संध्याकाळी बोलली नाही.

पण पाटी वाचून हात थांबते तर ती बेबी कसली. बाबा आंघोळीला गेले की तिचा हात पाण्यात. कधी टोपली थोडी उजेडाकडे, कधी थोडी पंपाकडे, कधी खडा इकडचा तिकडे. आणि बाबांना प्रत्येक वेळी कळायचं. ते टोपली होती तिथे परत ठेवत. मग व्यायामाची वेळ झाली की पाय खुर्चीवर आणखी ताठ पसरत. गुडघ्याला हात लावायला गेलं की म्हणत, "नको. आज नको." महिना मात्र कुणासाठी थांबला नव्हता.

एका रविवारी दुपारी महाराणी अगदीच गेल्यासारखी दिसली. अंग चिमलेलं, तोंड वासलेलं, त्यातून तपकिरी शेंबडासारखं काहीतरी लोंबत होतं. बेबीने हातमोजे घातले आणि जाळं आणलं. मेलेलं समुद्रफूल टाकीत राहिलं तर अख्खी टाकी नासते, एवढं तिला दुकानदाराने सांगितलं होतं. डोळ्यांत पाणी होतं, ते कशाचं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. बाबांनी जाळ्याचा दांडा धरला आणि टोपली पाण्याच्या वरपर्यंत उचलून तिच्यापुढे केली. वास घे, म्हणाले. मेलेली असेल तर नाक धरून पळशील. बेबीने वास घेतला. खाऱ्या पाण्याचा वास, बाकी काही नाही. टोपली परत खाली गेली. संध्याकाळी महाराणी पुन्हा फुगली, बोटं बाहेर काढून बसली, जसं काही झालंच नव्हतं. पोट साफ करायला ती अशी आकसते, बाबा म्हणाले. हे त्यांना दुपारीच ठाऊक होतं, आणि दुपारीच सांगायला त्यांच्या जिभेला काय झालं होतं, देव जाणे.

तिथे बेबीचा बांध फुटला. तिने सगळं बाहेर काढलं. की मी दिवसभर लोकांचे पाय ओढते आणि घरी येऊन एका फुलाची मनधरणी करते. की डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे आणि तरी तुम्ही लहान मुलासारखे हट्टाला पेटलात. की मला बाप हवाय, मला त्या टाकीतल्या प्राण्याशी काही देणंघेणं नाही.

"भुलेतून तुम्ही उठला नाहीत तर मी काय करायचं?" ती म्हणाली. "ते सांगा. एकदाच सांगा."

बाबा काचेकडून वळले, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघून बोलले.

"तुला निघत नाही ते काढायचीच सवय, बेबी. विचारायला तीन मजले उतरली नाहीस. तिला काढलंस तसंच मलाही काढलंस. नख घालून."

नवऱ्याने हातातला पेपर खाली ठेवला. बेबी टाकीपुढे तशीच उभी राहिली. ते जुनं घर, ती खिडकी, ते शेजारी, ज्यांना बाबा टाकी दाखवायचे, ते सगळं ती 'आता बस झालं' या तीन शब्दांत गुंडाळून आली होती. आणि वर बाबा तिथे काय सोडून आले हे तिने आजवर एकदाही विचारलं नव्हतं. ती आत निघून गेली. रडली की नाही, ते नवऱ्याने कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने दोन्ही विषय सोडले. टाकीत हात घातला नाही आणि गुडघ्याचं नाव काढलं नाही. लिहायला ही एक ओळ झाली, पण बेबीला ते किती जड गेलं ते तिलाच ठाऊक. जेवताना बाबांचा ताठ पाय टेबलाखाली समोर आलेला दिसायचा आणि तिचे हात शिवशिवायचे. मग ती घरात घालायच्या झग्याच्या खिशात हात घालायची. सकाळी टाकीजवळून जाताना टोपली वाकडी दिसायची, तेव्हाही हात खिशात. त्याऐवजी ती बाबांना जुन्या घराबद्दल विचारू लागली. सुरुवातीला ते तुटक बोलले. मग एकदा त्या खिडकीतून सकाळी कारखान्याची चिमणी कशी दिसायची, ते जेवण निवेपर्यंत सांगत राहिले. आतून मात्र बेबीचा जीव टांगणीला लागलेला. तपासणी तोंडावर आली होती आणि गुडघा होता तिथेच होता. दवाखान्यात ती पेशंटवर उगाच खेकसू लागली.

आणि अशातच एका सकाळी टोपली रिकामी दिसली.

बेबीने आधी पंप बघितला. जाळी शाबूत होती, अडकलेलं काही नव्हतं. वरून बघितलं, समोरून बघितलं, काही नाही. हात बाहीसकट पाण्यात गेला, पहिल्या दगडावर बोटं टेकली. एक दगड उचलला की दुसरा, दुसरा उचलला की तिसरा, पाच मिनिटांत शोधून काढते की नाही बघ. दगड हलला, थोडी वाळू उडाली. आणि तिथेच ती थांबली. स्वतःलाच शिवी घालून तिने हात बाहेर काढला, बाही पिळली आणि टाकी आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत जाऊन उकिडवी बसली.

तिथे होती ती. मागच्या बाजूला, तळाच्या दगडाच्या पोटाशी, जिथे ना दिवा नीट पोचतो ना माणसाची नजर. इतकी सेवा, इतके उजेड आणि इतके खडे सोडून महाराणीने स्वतःसाठी ही अंधारी जागा निवडली होती. बोटं फुललेली. पाय दगडाला लागलेला, सगळीकडून, चिरेच्या जागेसकट. बेबीने बघितलं आणि तिला ओरडावंसं वाटलं.

काठी टेकत बाबा बाहेर आले. रिकामी टोपली बघून त्यांचा चेहरा पडला.

"आहे," बेबी घाईने म्हणाली. "मागे आहे. खाली."

चिकटली का, त्यांनी विचारलं. फोन तिच्या खिशात होता. फोटो काढून दाखवला असता तर काम अर्ध्या मिनिटाचं. बेबीने खिशातला फोन चाचपला आणि तसाच राहू दिला.

"मला त्यातलं कळत नाही, बाबा. तुम्हीच बघा."

ती बोळकांडीतून बाहेर आली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बाबांनी उभ्यानेच वाकून बघितलं. दिसेना. काचेला गाल लावून बघितलं. दिसेना. दगडाच्या नावाने काहीतरी पुटपुटले. मग इकडेतिकडे बघितलं, बुटक्या स्टुलावरची मिठाची बादली उचलून खाली ठेवली, काठीने स्टूल बोळकांडीत सरकवलं, टाकीची कड धरली आणि खाली बसायला लागले.

पाय आधी ताठच पुढे गेला. जागा अपुरी होती, टाच भिंतीला लागली. बाबांनी दात-ओठ खाल्ले, कण्हले, भिंतीला एक सणसणीत शिवी घातली आणि पाय मागे ओढला. आणखी थोडा. आणखी थोडा. दवाखान्यात असती तर तिने एव्हाना मांडी धरली असती, टाच दाबली असती, शाब्बास-शाब्बास करून सगळं घर डोक्यावर घेतलं असतं. ती खिशात मुठी वळून उभी होती. बाबा टेकले. स्टूल करकरलं. मान वाकडी करून त्यांनी काचेला डोळा लावला, आणि त्यांचा गुडघा काटकोनात होता. पट्टीची गरज नव्हती. तिला तो कोन झोपेतही ओळखता आला असता.

"धरलाय गं दगड," बाबा आतून म्हणाले. "पक्का धरलाय. जागा काय शोधलीय बघ बयेने. मी असतो तर मीही इथेच बसलो असतो."

ते खूप वेळ बघत राहिले. नवरा दात घासत बाहेर आला, बोळकांडीत बघितलं, बेबीकडे बघितलं, आणि ब्रश तोंडात ठेवूनच आल्या पावली परत गेला. पलीकडे कप्प्यातले दोन्ही मासे काचेला तोंड लावून होते. आता त्यांनाही लवकरच सोडायला हरकत नव्हती, पण ते बाबा ठरवतील.

मग बाबांनी उठायचा प्रयत्न केला. जमेना. पुन्हा केला. स्टूल सरकलं, हात काचेवर घसरला. बेबी जागची हलली नाही. हलली नाही म्हणजे काय, दाराची चौकट तिने इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली.

"बेबी," बाबा म्हणाले.

"काय?"

"हात दे."

तिने काचेवरच्या पाटीकडे बघितलं. बाबांनीही बघितलं. 'हात लावू नये'. ओलाव्याने तिची एक कड सुटली होती. बाबांनी बसल्या बसल्या हात लांबवला, पाटी ओढून काढली, आणि मग तोच हात तिच्यापुढे केला.

बेबी धावली. तिने हात धरला, ओढला मात्र नाही. बाबा आपल्या जोरावर, कण्हत, एकेक वीत वर येत गेले, आणि उभे राहीपर्यंत तिच्या अख्ख्या धंद्याला शिव्या घालत राहिले.